टाकीकडं बघा

अप्पा, दुपारचे तीन वाजलेत, दुकानात कुणी नाय आणि आई जेवून मागच्या बाकड्यावर जरा आडवी झालीय. तुमच्याच खुर्चीत बसून लिहितोय. महाडला पूर आला त्या साली खुर्चीचा एक पाय फुगला, तेव्हापासून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी असते. पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ छतापासून दीड हात खाली रंगातून अजून दिसते. तुम्ही त्याच्या आधीच गेलात. नऊ वर्षं झाली. पाणी बाजारात शिरलंय असं ओरडत माणसं पळायला लागली, तेव्हा आईनं दुकानातल्या दोनच गोष्टी उचलून वरच्या मजल्यावर नेल्या, तुमचा फोटो आणि तुमची पट्टी. बुबुळांमधलं अंतर मोजायची ती पांढरी पट्टी, जिच्यावरचे आकडे पार पुसत आलेत. तेव्हा मला आईचा रागच आला होता, एवढ्या फ्रेमा पाण्यात सोडून पट्टी काय घेतेस म्हणून. आता राग येत नाय. का येत नाय, तेच सांगायचंय.

पण आधी कॉलेजचं सांगून टाकतो, कारण तुम्ही असतात तर पहिलं तेच विचारलं असतंत. दुसऱ्या वर्षाला सोडलं. फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं आणि प्रयोग नेमका भिंगाचा, आपल्याच घरातला. माझं उत्तर बरोबर होतं. सरांनी विचारलं, प्रतिमा पडद्यावर आली का? मी म्हटलं, नाय, अजून नाय. तर सगळ्यांसमोर माझी नक्कल केली, नाय अन् हाय, डोंगरातली भाषा डोंगरातच ठेवून या म्हणाले. मी जर्नल टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो. पाच मिनिटांचा राग असेल, त्याला आता पाच वर्षं होतील. परत जायचं मनात आलं नाय असं नाय, पण जिथनं दार आपटून निघालो ते दार पुन्हा वाजवायला जमत नाय मला. एक मात्र हाय, या कागदावर मी नाय अन् हाय असंच लिहिणार. इथं कोण नक्कल करतोय.

तर पट्टी. गिऱ्हाईक स्टुलावर, तोंड दाराकडं. तुम्ही त्याच्यासमोर दुसऱ्या स्टुलावर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. पट्टी त्याच्या नाकावर टेकवायची आणि म्हणायचं, माझ्याकडं बघू नका, माझ्या खांद्यावरनं त्या टाकीकडं बघा. समोरच्या बँकेच्या गच्चीवरची काळी टाकी. ती अजून हाय. वाडीवस्तीवरनं आलेल्या माणसांना हे फार जड जायचं. समोरचा आपल्याशी बोलतोय आणि आपण त्याच्या तोंडाकडं न बघता टाकीकडं बघायचं, ही काय रीतभात झाली? त्यांची नजर पुन्हा पुन्हा तुमच्या तोंडावर यायची. तुम्ही न कंटाळता म्हणायचात, माझ्या तोंडात काय हाय, बघायचं ते तिकडं हाय. कुणी म्हणायचं, चष्म्याशिवाय टाकी दिसत नाय हो. तर तुम्ही, दिसू नको दे, ती हाय तिकडं बघ म्हणजे झालं. मला तुम्ही कारणही सांगितलं होतं. जवळ बघितलं की दोन्ही बुबुळं नाकाकडं सरकतात, माप कमी भरतं, आणि तेवढ्या कमीपणाचा चष्मा त्या माणसाला वर्षानुवर्षं घालावा लागतो. डोकं त्याचं दुखतं आणि तो दोष आपल्या डोळ्यांना देतो, असं म्हणाला होतात.

एकदा मला वर डोंगरात कुडपण गावाला घेऊन गेला होतात, जीपमध्ये मांडीवर लाकडी पेटी ठेवून. तिथं अंगणात एका म्हाताऱ्याचं माप घ्यायचं होतं आणि टाकी तर नव्हतीच. तुम्ही पलीकडच्या डोंगराच्या धारेवरचं एकटं झाड दाखवलंत. तो म्हणाला, त्या झाडाखाली माझा रेडा पडून मेला. तुम्ही म्हणालात, मग रेड्याकडं बघ, पण माझ्याकडं नको. अख्खं अंगण हसलं. तुम्ही हसला नाय, मिलिमीटर मोजत होतात.

माझा पहिला चष्मा मी सहावीत असताना झाला. चष्मेवाल्याच्या पोराला फळा दिसत नाय हे चष्मेवाल्याला वर्षभर कळलं नाय, याचं तुम्हाला लागलं होतं, हे मला तेव्हा समजलं नाय. तुम्ही स्वतः काचा घासल्यात, दांड्या गरम करून माझ्या कानामागं वळवल्यात आणि गिऱ्हाइकाला सांगता तसंच सगळं मला सांगितलंत. काढायचा तर दोन्ही हातांनी काढायचा, एका हातानं ओढला की दांडी फाकते. काचा खाली करून ठेवायचा नाय. शर्टाच्या टोकानं पुसायचा नाय, पाणी आणि साबणाचा एक थेंब, मग मऊ फडकं. चुलीशेजारी ठेवायचा नाय. डोळ्यावर नसेल तेव्हा घरात, म्हणजे चष्म्याच्या घरात. पोरं शाळेत चिडवायची, ते जाऊ दे. पंधराव्या दिवशी पुलाच्या कठड्यावरनं वाकून पाणी बघताना तो सावित्रीत पडला, तुम्हाला आठवत असेल. मी रडत दुकानात आलो. तुम्ही मला रागावला नाय. हातातलं काम ठेवलंत, माझ्या कानामागनं बोट फिरवलंत, दांडी जिथं बसायची तिथं, आणि म्हणालात, “मी बसवलेला चष्मा वाकल्यानं पडत नाय.” बास. संध्याकाळपर्यंत दुसरा करून दिलात. त्या दिवसानंतर त्याचा विषय काढला नाय.

आता तिचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुकानात एक मुलगी आली. तिकडं कुडपणच्या बाजूला शाळेवर शिक्षिका म्हणून लागलीय, पोलादपूरला खोली घेऊन राहते, घर मात्र सव गावात. डोळ्यांवरचा चष्मा एका बाजूनं चिकटपट्टीनं जोडलेला. डॉक्टरांचा कागद तिच्याकडं होता, दोन्ही डोळ्यांना उणे सहा. तिनं सांगितलं, लहानपणी गावच्या गरम पाण्याच्या कुंडांजवळ खेळताना वाफेनं काचा धुरकट व्हायच्या, तेव्हा तिला वाटायचं नंबर वाढला, आणि घाबरून ती आईकडं पळायची. ती हे सांगून हसली आणि अप्पा, माझं तिथंच सगळं संपलं. यावर तुम्ही काय म्हणाला असतात मला ठाऊक नाय. घरात असलं बोलणं आपलं कधी झालंच नाय.

तुमच्या पद्धतीनं मी आधी तिचा जुना चष्मा मोजला आणि कार्डावर लिहिलं, बासष्ट. मग तो बाजूला ठेवला, समोर बसलो, पट्टी तिच्या नाकावर टेकवली. टाकीकडं बघा म्हणायचं असतं. मी म्हटलं नाय. आईला नंतर सांगितलं की विसरलो, पण विसरलो नव्हतो. वाक्य जिभेवर होतं. इतक्या जवळनं कुणी माझ्याकडं असं सरळ बघितलं नव्हतं, आणि म्हटलं तर ती बघायची थांबणार होती. सहा नंबरवाल्याला चष्मा काढला की वीतभरापलीकडं सगळं धूसर, तिला माझं नाक कुठं अन् कान कुठं तेही धड कळत नसणार. पण हे मला तेव्हा कुठं सुचतंय. मी पट्टी बघितली, अठ्ठावन्न. तेही लिहिलं, बासष्टच्या बरोबर खाली, माझ्याच अक्षरात. चार मिलिमीटरचा फरक आणि मी त्या कार्डाकडं बघतोय की तिच्याकडं? मग चष्म्याची निगा कशी राखायची यावर पाव तास बोललो. दोन्ही हातांनी काढायचा हे तर दोनदा सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी तिसरीपासून चष्मा घालते.”

तीन दिवसांनी येऊन ती नवा चष्मा घेऊन गेली आणि आठ दिवसांनी परत आली. डोकं दुखतं, म्हणाली. जमीन वर आल्यासारखी वाटते, पायरी कळत नाय. हळू आवाजात बोलत होती, तक्रार करावी की नको अशी. आणि मला काय झालं सांगू, मला वाटलं ती तुमच्या दुकानाला नावं ठेवतेय. डोक्यात एकदम तेच जर्नल आपटलं. मी म्हटलं, “काच बरोबर हाय, नंबर डॉक्टरांनी दिलेला हाय. चार दिवस घाला, सवय होईल. नसेल पटत तर बाजारात दुसरी दुकानं हायत.” तिनं चष्मा दोन्ही हातांनी काढला, घरात ठेवला, घर काउंटरवर ठेवलं आणि पर्समधला चिकटपट्टीवाला डोळ्यांवर चढवला. मघाशी येताना आपल्या दाराच्या पायरीवर तिनं आधी चपलेचं टोक पुढं करून पायरी चाचपली होती आणि मग पाय ठेवला होता. हे मी बघितलं होतं. बघूनही तसं बोललो.

आई मागं काचा पुसत होती. ती गेल्यावर आई म्हणाली, “तिला कुठं बघायला सांगितलंस रे?”

मी म्हटलं, म्हणजे काय, टाकीकडं. मग म्हटलं, विसरलो असेन. मग आवाज चढवला, की तुला काय म्हणायचंय. ती म्हणाली, “मी फक्त विचारलं.” आणि पुन्हा काचा पुसायला लागली. तिला माझ्याकडं बघावंसुद्धा लागलं नाय. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाय, जेवायला वाढलं की ताट घेऊन बाहेर बसायचो. तिसऱ्या दिवशी ती ताईच्या घरी गेली आणि दुकानात मी एकटा. काउंटरवर ते चष्म्याचं घर तसंच पडलेलं, मी त्याला हात लावला नव्हता. शेवटी कार्ड काढलं. बासष्ट, त्याच्याखाली अठ्ठावन्न. इतकं सरळ लिहिलेलं होतं की शाळेतल्या पोरालाही वजाबाकी करता आली असती. मला तुमचं बोलणं आठवलं, डोकं त्याचं दुखतं आणि तो दोष आपल्या डोळ्यांना देतो. ती तर दोष द्यायलाही तयार नव्हती, नुसतं विचारायला आली होती, आणि मी तिला बाजार दाखवला.

नव्या काचा मागवल्या. आल्या त्या दिवशी सकाळपासून त्याच घासत बसलो. काचांवरचे केंद्राचे ठिपके तीनदा तपासले, दांड्या तिच्या जुन्या चष्म्याच्या आठवणीनं वळवल्या आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली. आईनं विचारलं नाय कुठं चाललास. फक्त तुमची पट्टी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. पोलादपूर सोडलं आणि वळणं सुरू झाली तसं मी मोठ्यानं पाठ करत चाललो, काय बोलायचं ते. काचा घासायचं मशीन जुनं हाय हे वाक्य मला फार आवडलं होतं. त्यात कुणाचाच दोष नव्हता.

वर पोचलो तर वाटेवरच तो म्हातारा बसलेला, रेड्यावाला. मी ओळखलं ते तुमच्या चष्म्यावरनं, एका दांडीला काळा दोरा गुंडाळलेला. त्यानंही मला बघितलं, मान तिरकी केली आणि म्हणाला, “चष्मेवाल्याचा ना रे तू? चालतोस बापासारका. पन तो वाटंत उभा रायला की पैला बोलायचा.” मी दोरा सोडला आणि खिशातल्या डबीतला स्क्रू बसवला. तेवढ्यात तो सांगायला लागला, इथली मास्तरीण तुटका चष्मा लावून शिकवते, नवा घेतलान तर त्यानं तिचं डोकं उठवलंन. म्हाडात कोन येडा बसलाय चष्मे करायला, देव जाने. मी म्हटलं, मीच. मग त्यानं चष्मा डोळ्यांवर ठेवला, दांडी हलवून बघितली आणि म्हणाला, “स्क्रू तरी बरा बसवतोस.”

शाळेच्या ओट्यावर पोरं जेवायला बसली होती आणि ती वाढत होती. मला बघून तिनं पळी तशीच धरून ठेवली. इथपर्यंत कशाला आलात, असं काहीतरी म्हणाली. पाठ केलेलं मशीनचं वाक्य तोंडात आलंही होतं. पण समोर तो चिकटपट्टीवाला चष्मा, त्याची एक बाजू खाली उतरलेली, आणि त्यातनं ती माझ्याकडं बघतेय. मी म्हटलं, “चूक माझी हाय. माप घेताना तुम्हाला लांब बघायला सांगायचं असतं. मी सांगितलं नाय. तुम्ही माझ्याकडं बघत होतात, म्हणून चार मिलिमीटर कमी भरलं. तुमच्या डोळ्यांत काही दोष नाय.”

“का सांगितलं नाय?” ती म्हणाली.

अप्पा, मी पट्टीवरचा कागद सोडायला लागलो. कान गरम झाले एवढं कळलं. एक पोरगी भात खायची थांबून आमच्याकडं बघत होती, तिला ती म्हणाली, तू जेव गो. मग पळी ठेवली, हात धुतले, ओट्याच्या कडेला येऊन बसली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “आता सांगा, कुठं बघू?”

धारेवरचं ते झाड आता नाय. त्याच जागेच्या आसपास मोबाईलचा टॉवर हाय. मी म्हटलं, तिकडं, टॉवरकडं. ती म्हणाली, मला टॉवर दिसत नाय. मी म्हटलं, दिसू नको दे, तो हाय तिकडं बघा म्हणजे झालं. बोलून गेल्यावर कळलं हे कुणाचं वाक्य हाय. पट्टी टेकवली. ती माझ्या खांद्यावरनं लांब कुठंतरी बघत होती, आणि त्या वेळी पहिल्यांदा मी तिचे डोळे नीट बघितले, म्हणजे जसे बघायचे असतात तसे, हे बुबुळ इथं, ते बुबुळ तिथं. बासष्ट. कार्डावरच्या जुन्या आकड्याशी अगदी बरोबर. नवा चष्मा दिला. तिनं घातला, पोरांकडं बघितलं, छपराच्या पत्र्याकडं बघितलं, मग उठली आणि ओट्याच्या तिन्ही पायऱ्या उतरून खाली गेली. चाचपडली नाय. खाली जाऊन वळली आणि तशीच वर आली. पोरांना वाटलं बाई काहीतरी खेळ करतायत, दोघं उठून तिच्या मागं उतरली.

घाटातनं येताना मी गाडी हळू चालवली. घरी आईला म्हटलं, बासष्ट होतं. ती म्हणाली, “असणारच.” मग विचारलं, पट्टी आणलीस ना परत? एवढंच. पण त्या दिवशी तिनं मला समोर बसवून वाढलं. दुसऱ्या दिवशी मी चष्म्याच्या कोर्सचा फॉर्म आणला, दोन वर्षांचा, ज्यानं मला नंबरही काढता येईल. म्हणजे त्या ओट्यावर बसलेल्या पोरांतलं कोण डोळे बारीक करून फळा बघतंय, ते कुणाला वर्षभर उशिरा कळू नये. फॉर्म अजून भरला नाय, काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. भरीन. या वेळी सर काही बोलले तर आपटायला हातात जर्नल धरणार नाय, एवढं ठरवलंय.

आणि हे सगळं आजच का लिहितोय, तर गेल्या शनिवारी ती दुकानात आली होती. सवला घरी चालली होती, वाटेत उतरली. म्हणाली, दांडी सैल झालीय वाटतं, जरा बघता? मी चष्मा हातात घेतला, दांडी उघडली, मिटली. स्क्रू घट्ट होता. कानामागचं वळणही तसंच, जरासुद्धा फाकलेलं नाय. मी बसवलेली दांडी पंधरा दिवसांत सैल होत नाय अप्पा, एवढं आता मलाही सांगता येतं. मी तिच्याकडं बघितलं. ती दारातनं बँकेच्या गच्चीवरच्या टाकीकडं बघत होती, आता तर तिला ती चांगली दिसत असणार. मी स्क्रू अर्धा सैल केला, पुन्हा घट्ट केला, काचा धुतल्या, पुसल्या, चष्मा परत दिला. ती म्हणाली, आता बरं वाटतं. पुढच्या शनिवारी मी असतो का दुकानात, असंही विचारलं. मी म्हटलं, असतो. मागं आई खोकली, तिला खोकला झालेला नाय.

ती गेल्यावर मी बराच वेळ तुमच्या खुर्चीत बसून राहिलो. हाताला कळतं आणि तरी माणूस समोरच्याला त्याचं खोटं त्याच्याजवळ ठेवू देतो, हे मी पहिल्यांदा केलं, आणि माझ्याबरोबर ते कुणी केलं होतं तेही आठवलं. माझ्या कानामागनं फिरलेलं तुमचं बोट आठवलं.

आई उठलीय, चहा ठेवते म्हणतेय. हा कागद दुमडून तुमच्या पट्टीशेजारी ठेवीन, दुसरीकडं कुठं पाठवणार. वर मी लिहिलंय की वाकलो आणि चष्मा सावित्रीत पडला. ते तसं नाय. पोरं चिडवत मागं येत होती, मला राग आला, मी पुलावर थांबलो, दोन्ही हातांनी काढला, तुम्ही शिकवलं होतंत तसा, आणि फेकला.